सुंगटाची कपार

“आबा, आपण परत येवचो नाय, ह्या त्या दिवशी दादाक म्हायत होता काय?”

धाकू आबा होडीत बसून दोराचा गुंता सोडवत राहिले...

माझ्या थोरल्या भावाला बुडी मारायला त्यांनीच शिकवलं. गेल्या महिन्यात दादा तळाशी अडकलेलं जाळं सोडवायला उतरला. दुसऱ्या दिवशी सापडला. मला त्याच जागी जायचं होतं.

पण आबांचा एक नियम. उथळ पाण्यातल्या कपारीत एक सुंगट राहतं, म्हणजे कोळंबी. बोटाएवढं. अंगावर तांबडे-पांढरे पट्टे, अंगापेक्षा लांब पांढऱ्या मिशा. आबा म्हणतात, ही जात लक्षद्वीपलाही आहे, अंदमानलाही. पण जिथे बसेल ती कपार सोडत नाही. ते हातावर चढलं, तरच खोल जायचं.

अकरा दिवस मी हात पुढे करत होतो. अकरा दिवस ते आत पळत होतं.

“चढला?”

“नाय! तुमी काय त्या सुंगटाचे जावय? माका दादाची जागा दाखवा.”

“परत बुडी मार.”

“दादाच्या हातार कितव्या दिवशी चढला?”

“सोळाव्या.”

मी चिडून बुडी मारली. कपारीपाशी एक वाम आली होती, सापासारखा लांब मासा, माझ्या दंडाएवढी जाड. तिने जबडा उघडला. सुंगटाने मिशा हलवल्या आणि ते चालत तिच्या तोंडात गेलं. दातांतली घाण वेचून खाऊ लागलं.

मी धापा टाकत वर आलो.

“तेका वाम गिळना नाय?”

“गिळता कधीकधी.”

“मगे?”

“मगे दुसरा येता. थयच बसता.”

“कशाक पण? कशाक?”

आबांनी पाण्याकडे बोट केलं.

मला रडू येत होतं. पुन्हा उतरलो. आता नुसता दमलो होतो. हात कपारीपाशी टेकवला आणि सैल सोडून दिला.

आधी मिशा लागल्या. मग पाय.

दादा सापडला त्या दिवशी मी खडकावर मूठ मारली होती. जखम अजून भरली नव्हती. सुंगट तिथे थांबलं आणि कडेची मेलेली कातडी खुडू लागलं. हळूहळू. मूठ आवळली असती तर चिरडलं असतं.

श्वास संपेपर्यंत मी हललो नाही.

वर येऊन होडीची कड धरली.

“आबा... चढला. पण मी चिरडूचंय नाय, ह्या तेका कसा म्हायत?”

आबांनी नांगर ओढून घेतला. होडीचं तोंड दादाच्या जागेकडे वळवलं.

“तेका तरी खंय म्हायत होता?”