टोलांशिवाय

गावातल्या प्रत्येक मयताला चर्चच्या घंटेचे टोल देणारा माणूस स्वतः गेला, तर त्याच्यासाठी टोल कोणी द्यायचे? पासकूनं हे सगळ्यांना विचारलं. त्याचा थोरला भाऊ इनास गेला तोही गुड फ्रायडेच्या पहाटे, आणि त्या दिवशी प्रभूच्या मरणाच्या शोकात वसईतल्या त्या चर्चची घंटा मुकी असते.

संध्याकाळी दफनाच्या वेळी गावचे कारभारी दुमिंगशेठ सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "जन्मभर घंटा बडवली, पण जाताना एक टोल नशिबी नाही! देवानंच निकाल दिला म्हणायचा."

आयनं पदरात तोंड लपवलं. पासकूची मूठ वळली. भांडणात पहिला हात त्याचाच, हे गावाला ठाऊक होतं. पण त्याला दादाचं बोलणं आठवलं. "घंटा वाजवणं सोपं रे. ती वेळेवर थांबवायला मनगट लागतं. क्रुसाची शिक्षा देणाऱ्या पिलातापुढं प्रभू गप्प उभा होता."

मूठ सुटली. पासकू हळूच म्हणाला, "शेठ, आजच्या दिवशी प्रभूसुद्धा टोलांशिवायच गेला. दादाला त्याची सोबत मिळाली. तुम्हाला टोल हवे असतील, तर दुसरा दिवस बघून ठेवा."

शेठ दोन पावलं मागं सरले. फादरनी मान लववली. पेटीवर माती पडू लागली, आणि आय मान वर करून बघत होती.

पुढच्या पावसाळ्यात शेठ वारले. घंटेची दोरी आता दादाच्या जागी पासकूच्या हाती होती. त्यानं हात भरून येईपर्यंत त्यांच्यासाठी टोल दिले, आणि त्या संध्याकाळबद्दल चकार शब्द काढला नाही.