बेटावरचा उबदार खळगा

दक्षिणेला पार टोकाच्या समुद्रातल्या एका टीचभर बेटावर एक पेंग्विन, त्याची पेंग्विनीण आणि त्यांचं एकुलतं एक अंडं राहत असत. बेट कसं म्हणाल, बाळांनो? पश्चिमेला उभा कडा, मधे बर्फाची टोपी घातलेला डोंगर, पूर्वेला काळ्या वाळूचा किनारा. माणसाचं घर नाही, झाड तर औषधालाही नाही. वारा मात्र बारा महिने पिसाटलेला.

तिथल्या पेंग्विनांना घरटं नसतं. अंडं पायांवर घ्यायचं, वरून पोटाची घडी पांघरायची आणि नवरा-बायकोनं पाळीपाळीनं उभं राहायचं. सगळे गवताळ चढावर वारा खात उभे असत. आमच्या पेंग्विनाला मात्र वाळूपलीकडे एक खळगा सापडला. "अगं, ये, बघ! इथं बर्फ ठरतच नाही. आयती शेगडी!"

पेंग्विनीण म्हणाली, "अहो, बर्फ ठरत नाही तसं शेवाळही धरत नाही. तो आळशी सीलसुद्धा इथं लोळत नाही. मला नाही पटत."

"तुला सुख बोचतं!" म्हणत त्यानं अंडं पायांवर घेतलं. पाळी त्याची होती. ती मासे धरायला निघाली, पण जीव सगळा मागं.

परतताना किनाऱ्याजवळ पाणी कढत लागलं. मेलेले मासे पोट वर करून तरंगत होते. ती धडपडत वाळूवर आली आणि जागीच थिजली. खळगा होताच कुठे? धरणी उकलली होती, उकळता चिखल भसाभसा उडत होता. "गेलं माझं सगळं!" मग जीव एकवटून तिनं हाक मारली. ओ नाही. पुन्हा मारली. तेव्हा कुठे नवऱ्याचा आवाज आला, वरच्या चढावरून!

तो भेदरून उभा होता. "तळपायाला चटका बसला, तुझं बोलणं आठवलं नि सरकत सरकत वर आलो. मागं बघतो तर जमीनच फाटलेली!"

"आणि अंडं?"

त्यानं पोटाची घडी उचलली. "अहो, तडा गेलाय!" ती किंचाळली. तेवढ्यात तड्यातून इवलीशी चोच बाहेर आली आणि आईबापांकडे बघून खाऊ मागू लागली.

तात्पर्य : जिथं शेवाळही धरत नाही, तिथली ऊब घेण्याआधी ते का धरत नाही, हे विचारावं.