आबांची अडकलेली नांगी

फार मागे एका चिमुकल्या बेटावर शंखात राहणाऱ्या खेकड्यांचं राज्य होतं. अंग वाढलं की घर अपुरं पडे, आणि बेटावर शंख मोजकेच. म्हणून तिथली रीत अशी, की लाटेनं मोठा शंख आणला की थोरापासून धाकट्यापर्यंत सगळ्यांनी रांग धरायची. पुढच्यानं सोडलेल्या घरात मागच्यानं शिरायचं.

एका सकाळी हाळी उठली, "शंख आला! शंख आला गं!" काय ती धावपळ! रांगेच्या शेवटी उभी राहिली सगळ्यांत धाकटी टिकली. तिचा शंख फुटून मऊ पाठ उघडी पडली होती, आणि वर घार फिरत होती.

सगळ्यांत थोर आबा नव्या शंखात शिरले, पण जुना काही नांगीतून सोडेनात. "हाही राहू दे मला. उद्या नवा टोचला तर?"

रांग जागच्या जागी थांबली.

"आबा, माझी पाठ उघडी आहे हो!"

"थांब की पोरी! लहानांना कसली एवढी घाई?"

तेवढ्यात घार झेपावली, ती थेट आबांवरच! बाहेर राहिलेल्या नांगीमुळे त्यांचं दारच मिटत नव्हतं. म्हातारी गोदाक्का कडाडली, "सोडा तो शंख मेला! घरं दोन, पण जीव किती?"

आबांनी शंख सोडला, नांगी आत ओढली. टक, टक, टक! डोळ्याचं पातं लवायच्या आत रांगभर घरं बदलली. घारीला वाळूत नुसते मिटलेले शंख दिसले.

"टिकलीला मिळाला का गं?" आबांनी आतून हळूच विचारलं.

"मिळाला की!" टिकली ओरडली. "आणि अजून उबदार आहे!"