चार बोटं कमी

व्यावसायिक कबड्डी संघासाठी कॉलेजची पोरं निवडताना मापं आधी आणि खेळ नंतर, असा नानासाहेब मोहित्यांचा खाक्या होता. सकाळपासून टेप लावून त्यांनी सतरा चढाईपटू घरी धाडले होते. अठरावा पुंडलिक पुढे आला. आखूड हातांमुळे तो गेल्या वर्षीही इथूनच परतला होता आणि पुढच्या वर्षी वयात बसणार नव्हता.

"हात कुठवर पोचतो बघू. मला शिवून दाखव," मध्यरेषेपलीकडे उभे राहत नानासाहेब म्हणाले.

पुंडलिक 'कबड्डी, कबड्डी' म्हणत चालून गेला. त्यानं हात फेकला, पण तो छातीच्या अलीकडेच राहिला. पुंडलिक जागीच थबकला. ओठ तेवढे पुटपुटत होते.

"घाबरलास? चार बोटं कमी पडला हात!" नानासाहेब हसत पुढे आले आणि टेप लावायला त्यांनी त्याचं मनगट धरलं.

त्याच क्षणी हिसडा देऊन पुंडलिकनं मध्यरेषेपार उडी घेतली आणि मगच दम सोडला.

"साहेब, तुम्ही बाद," तो धापा टाकत म्हणाला. "हात आखूड दिसला की सगळे असेच जवळ येतात."

नानासाहेबांनी टेप खिशात घातली आणि कोऱ्या यादीत पहिलं नाव लिहिलं.