मोड न आलेली मटकी

मंगळवार, दुपारचे तीन. तालुक्याच्या रुग्णालयातला भाजलेल्यांचा वॉर्ड. पंखा बंद.

"एकही जंतू वाचला नाही, सर. उद्यापासून सगळ्या वॉर्डला हीच पट्टी लावायची ना?"

विचारणारे डॉ. निरंजन चौगुले. याच वॉर्डात डॉ. मुल्लाणींच्या हाताखाली मलमपट्टी शिकले आणि प्रयोगशाळेत गेले. तिथं त्यांनी ही पट्टी बनवली. पाणी धरून ठेवणारा, जेलीसारखा पॉलिमर आणि त्यात चांदीचे नॅनोकण.

हातात काचेची बशी. बशीभर जंतूंचा पिवळट थर, मधे पट्टीचा तुकडा, त्याच्याभोवती स्वच्छ, रिकामं वर्तुळ.

मुल्लाणी सरांनी बशी पाहिली. परत दिली.

"चांदी फार घातलीस."

"म्हणून तर वर्तुळ एवढं आलं, सर! बाकीच्या पट्ट्यांची वर्तुळं बघा, चवलीच्या नाण्याएवढी."

...

सरांनी टेबलावर दोन वाट्या ठेवल्या. दोन्हींत ओल्या फडक्यात बांधलेली मटकी.

"उसळीचा बेत आहे वाटतं?"

"सोड."

पहिल्या फडक्यातल्या मटकीला पेरभर मोड. काही दाणे सडलेले. वास येत होता.

निरंजन हसले. "ही साध्या पाण्यातली."

"दुसरं सोड."

दुसऱ्यात त्यांच्याच पट्टीचा तुकडा होता. मटकी टपोरी, चकचकीत. एक दाणा सडला नव्हता.

"बघा!"

"बघतोय. मोड दाखव."

निरंजननी दाणे चाळवले. पुन्हा चाळवले. मोड नव्हता. एकालाही नाही.

"मटकी म्हणजे माणूस नव्हे, सर."

सरांनी त्यांचं मनगट धरलं आणि ओढत खिडकीजवळच्या खाटेपाशी नेलं.

खाटेवर यमुना खरात. गुऱ्हाळावर काहिलीतला उकळता रस मांडीवर सांडलेला. सर रजेवर असताना निरंजननी तिला आपली पट्टी लावली. तिला कुणी विचारलं नाही. परवानगी कुणी दिली, हे रुग्णालय आजही सांगत नाही.

त्या दिवशी सकाळी सरांनी पट्टी काढली होती. जखम लख्ख. पू नाही, वास नाही. कडेनं नवी कातडीही नाही.

"डागदर," यमुना म्हणाली, "माझ्या मागनं आलेली बाई बरी होऊन घरला गेली. माझं कवा भरायचं?"



"जिवंत पेशींवर तपासलंस?" सरांचा आवाज चढला. सगळा वॉर्ड ऐकत होता. "कातडीच्या पेशींवर, निरंजन?"

"ती चाचणी पुढच्या टप्प्यात आहे, सर."

"अस्सं."

...

"मग ही बाई कुठल्या टप्प्यात आहे?"