आत एक खोली जास्त

"...पण बुवा, कमांड तीच, अक्षरं तीच. मग मंजुळेकडे घंटा वाजली आणि माझ्याकडे का नाही?"

विश्वंभरानं लॅपटॉप उघडाच उचलून आणला होता. चेहरा लालबुंद.

यादवबुवा मठाच्या ओट्यावर पेरू निवडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

टेकडीवरच्या या मठात कॉम्प्युटर काळ्या पडद्यावर शिकवला जाई. माऊस नाही, चित्रं नाहीत. जे हवं ते कमांड लिहून मागायचं. शिक्षण पुरं झालं की शिष्यानं बुवांच्या डिस्कवरचं 'गुरुघर' नावाचं फोल्डर आपल्या लॅपटॉपवर उतरवून घ्यायचं, एकाच कमांडमध्ये. मग त्यातली घंटा वाजवायची. वाजली, की शिष्य आपल्या गावी जाऊन शिकवायला मोकळा. नाही वाजली, तर मुक्काम इथेच.

विश्वंभराचं सगळं ठरलेलं होतं. गावी क्लाससाठी खोली घेतली होती, दारावरची पाटीसुद्धा रंगवून झाली होती. आणि त्याच्या मागून आलेली मंजुळा सकाळीच घंटा वाजवून, बुवांच्या पाया पडून, हसतखेळत टेकडी उतरली होती. हे त्याला फार झोंबलं होतं.

"काय लिहिलंस?" बुवांनी विचारलं.

"सीपी, म्हणजे कॉपी. मग डॅश आर, म्हणजे आतल्या खोल्यांसकट सगळं येतं. मग तुमचं गुरुघर. मग माझं गुरुघर."

"बरोबर."

"बरोबर ना? मग घंटा मागितली तर हा म्हणतो, अशी फाइल इथे नाही! बघतो तर काय, गुरुघराच्या आत आणखी एक गुरुघर. घंटा त्या आतल्या खोलीत जाऊन बसलेली. पुन्हा केलं. पुन्हा तेच."

"आणि मंजुळेनं काय लिहिलं होतं?"

"हेच! शेजारी बसून पाहिलंय मी."

बुवा गालातल्या गालात हसले.

"ती रिकामी टोपली घे. धर पुढे."

विश्वंभरानं टोपली पुढे धरली. बुवांनी पेरूंनी भरलेली आपली टोपली उचलली आणि आहे तशी त्याच्या टोपलीत ठेवली.

मग ती परत काढून घेतली.

"आता तुझी टोपली खाली ठेव. हात पुढे कर."

त्यानं हात पुढे केले. बुवांनी तीच भरलेली टोपली त्याच्या हातांवर ठेवली.

...

विश्वंभर गर्विष्ठ होता, पण मठ्ठ नव्हता.

"म्हणजे... मंजुळेकडे गुरुघर नव्हतंच?"

"नव्हतं."

"म्हणून तुमचं आलं, तेच तिचं झालं. आणि माझ्याकडे..."

"तू आधीच बांधून ठेवलं होतंस. पाहुणा आला, दार उघडं दिसलं, आत जाऊन बसला. त्यात त्याचं काय चुकलं?"

विश्वंभराचे डोळे चमकले. युक्त्या त्याच्याकडे ढीगभर होत्या.

"एवढंच ना! मग तुमच्या गुरुघराच्या नावापुढे तिरकी रेघ आणि टिंब देतो. नुसतं आतलं सामान येईल, घर माझंच राहील."

"येईल की. एका घरात दोन बिऱ्हाडं. तुझ्या घरातली पहिली फाइल कोणती रे?"

"मनोगत."

"माझ्याही घरात पहिलं मनोगतच आहे."

विश्वंभराची बोटं थबकली.

"मग कोणतं राहील?" बुवांनी विचारलं.

"नंतर येईल ते," तो हळूच म्हणाला. "आधीचं न विचारता जाईल."

"हं."

बुवांनी एक पेरू कापला, मीठ लावलं आणि फोड त्याच्या पुढ्यात धरली.

"एवढं जपतोयस तर वाच की. ऐकू दे आम्हालाही."

विश्वंभरानं घसा खाकरला आणि मनोगत वाचायला घेतलं. पहिलं वाक्य 'मी'नं सुरू होत होतं. दुसरंही. तिसऱ्या वाक्यात बुवांचं नाव आलं, पण तेही 'माझ्यासारखा शिष्य लाभलेले' असं. खाली गुरुपरंपरा दिली होती. त्यात शेवटचं नाव होतं विश्वंभर, आणि ते ठळक अक्षरांत होतं.

वाचता वाचता त्याचा आवाज बारीक होत गेला.

"थांबलास का? रंगात आलं होतं."

त्यानं बुवांकडे पाहिलं. बुवा हसू दाबत होते, पण पोट हलत होतं. विश्वंभरालाही हसू फुटलं. एकदा फुटलं ते आवरेना. ओट्यावर दोघं इतके खदाखदा हसले की स्वयंपाकघरातून कुणीतरी काय झालं म्हणून डोकावून गेलं.

...

हसून झाल्यावर त्यानं डोळे पुसले आणि लॅपटॉप मांडीवर ओढला.

काळ्या पडद्यावर कचऱ्याचा डबा नसतो. पुसलं ते गेलं, खात्री आहे का म्हणूनही कुणी विचारत नाही. त्यानं पुसायची कमांड लिहिली आणि शेवटच्या बटणावर बोट ठेवून बसला. मनोगताची एक प्रत कुठेतरी बाजूला ठेवावी, असंही मनात येऊन गेलं.

बुवांनी दुसरा पेरू कापायला घेतला.

विश्वंभरानं बटण दाबलं.

त्याचं गुरुघर गेलं. पडद्यावर काहीच झालं नाही, फक्त कर्सर लुकलुकत राहिला. त्याला वाईट वाटेल असं वाटलं होतं. उलट अंगावरचं भिजलेलं घोंगडं कुणी काढून घेतल्यासारखं हलकं वाटलं.

मग त्यानं तीच कमांड पुन्हा लिहिली. सकाळचीच, एक अक्षर न बदलता.

आणि घंटा मागितली.

ठणठणीत वाजली! लॅपटॉप तो केवढा, पण नाद ओट्यावरून थेट अंगणात गेला. पेरूच्या झाडावरचे पोपट भर्रकन उडाले. बुवांनी टाळ्या पिटल्या. विश्वंभरानं पुन्हा वाजवली, पुन्हा वाजवली, आणि मग बुवांच्या पायावर डोकं ठेवलं ते बराच वेळ उचललंच नाही.

डोकं वर केलं तेव्हा त्याचे डोळे भरलेले होते.

"बुवा... आता जावंसं वाटत नाही. गावची खोली राहू दे, पाटी राहू दे. मी अजून थोडे दिवस राहू का इथे?"

बुवांनी त्याच्या खांद्याला धरून त्याला उभं केलं, उरलेले पेरू त्याच्या पिशवीत कोंबले आणि पायरीपर्यंत ढकलत नेलं.

"राहणाऱ्या 'मी'ला तर तू आत्ताच पुसलंस की रे! नीघ, एसटी जाईल."