बारा गाळे आणि अंड्यांची पाटी

सांगा सांगा म्हणून धरून बसवलंत, पण मधे कुणी जांभई दिली तर उठून जाईन. मागल्या खेपेला रावजी लोहार अर्ध्या गोष्टीत घोरला, आणि वर म्हणाला, गोष्टच अळणी आहे! असो. ऐका.

जांभूळगडच्या महाराजांनी बाजाराच्या तोंडाशी बारा गाळे विकत घेतले. भिंती गुळगुळीत, कौलं नवी, एवढं बघून भरमसाट किंमत मोजली. भाड्यानं गेला एकच, खंडू बुरुडाला. बाकी अकरा ओस!

दिवाण म्हणाले, चुना पिवळा पडलाय. चुना लावला. जोशीबुवा म्हणाले, दिशा वाईट आहे. वास्तुशांत केली. गाळ्यांत पाली तेवढ्या राहायला आल्या.

खंडूच्याही टोपल्या खपेनात. भाडं कमी करा म्हणायला तो दरबारात गेला. सोबत लेक, ठकू.

"गाळेच अवलक्षणी!" महाराज कडाडले.

"गाळ्यांत खोट नाही, महाराज," ठकू म्हणाली.

"असं? मग तूच भर! महिन्याभरात बाराही गाळे दुप्पट भाड्यानं गेले पाहिजेत. वीट लावायची नाही, पै खर्चायची नाही. नाही जमलं तर तुझ्या बापानं गाळाही सोडायचा आणि गावही!"

खंडूनं कपाळाला हात लावला. ठकू म्हणाली, "बरं."

बाजाराच्या दिवशी ती गेली. भिंतींकडं ढुंकून बघितलं नाही. उंबरे बघितले. कोरे करकरीत, पायाची झीज नाही. मग मागच्या बोळात गेली. बोळ चिखलाचा, अरुंद. पण तुडवून तुडवून गवताची काडी उगवत नव्हती! पोरगी हसली आणि थेट दरबारात.

"महाराज, पुढच्या बाजारी घोंगडी पांघरा, डोक्यावर अंड्यांची पाटी घ्या आणि वेशीपासून बाजारात चालत या."

"मी? अंडी?"

"गाळे घेताना कौलं मोजलीत. त्या वाटेनं चालून कुठं बघितलंत?"

दिवाणांना ठसका लागला. पण महाराज हट्टी. निघाले!

गाळ्यांच्या तोंडाशी चबुतरा होता. त्यावर महाराजांचीच गादी, वर छत्री. महाराज तिथं जन्मात बसले नव्हते, पण हुकूम होता: येणाऱ्यानं जोडे काढायचे आणि कमरेत वाकून तीन मुजरे घालायचे. शेजारी दंडुकेवाला शिपाई.

"ए घोंगडीवाल्या! जोडे काढ! वाक!"

"अरे बाबा, डोक्यावर अंडी आहेत!"

"मग अंड्यांसकट वाक!"

महाराजांनी गादीकडं बघितलं. वर पाटीकडं बघितलं. आणि गुपचूप मागं फिरून बोळात शिरले. पोटऱ्यांपर्यंत चिखल! पुढं बघतात तर ठकू टोपल्या मांडून बसलेली.

"या महाराज! नवे गाळे सोडून इकडं कुठं?"

"कार्टे, तिकडून माणूस जाईल कसा? डोक्यावर ओझं घेऊन वाकायचं कसं?"

"बाजाराला रिकाम्या डोक्यानं कोण येतं, महाराज? गाळे चांगलेच आहेत. फक्त त्यांच्या तोंडाशी तुमची गादी फुकट ठाण मांडून बसलीय. तेवढा एक भाडेकरू हलवा!"

महाराज असे खदखदून हसले की पाटी कलंडली आणि चार अंडी दाढीवर फुटली.

गादी त्याच दिवशी उचलली. पुढच्या बाजारी माणसांची रीघ लागली, आणि महिना सरायच्या आत वाणी, कासार, तेली दुप्पट भाडं हातात घेऊन गाळ्यांसाठी भांडत होते. खंडूचा गाळा कायमचा बिनभाड्याचा झाला. चबुतरा ठकूला मिळाला, टोपल्या मांडायला.

शिवाय महाराजांनी भर बाजारात तिची माफी मागितली. महाराज होते ते! आमच्या रावजी लोहारानं अजून मागितलेली नाही.